हातोहात फिरणारी ड्राइव्ह: फॉरमॅट कोणता निवडावा?

लग्नसराई लागली की जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावात फोटो स्टुडिओंमधल्या हार्ड डिस्कना पाय फुटतात. हळद, लग्न, वरात आणि त्याआधी येलदरीच्या जलाशयाकाठी, नेमगिरीच्या टेकडीवर किंवा चारठाण्याच्या जुन्या मंदिरांपाशी झालेले प्री-वेडिंगचे शूटिंग, असा सगळा ऐवज एका एक्स्टर्नल ड्राइव्हमध्ये भरला जातो. ती ड्राइव्ह आधी स्टुडिओतल्या विंडोजच्या कॉम्प्युटरला लागते. मग एडिटिंगसाठी परभणीला, नांदेडला नाहीतर छत्रपती संभाजीनगरला जाते आणि तिथला एडिटर ॲपलच्या मॅकवर काम करणारा असू शकतो. पुढे अल्बमची लॅब, त्यानंतर मंडपातली एलईडी स्क्रीन आणि शेवटी वधूपित्याच्या घरचा टीव्ही. वस्तू एकच, पण तिला वाचणारी यंत्रे वेगवेगळ्या कंपन्यांची आणि वेगवेगळ्या काळातली.

इंटरनेट असताना ड्राइव्ह कशाला फिरवायची, असे कुणी विचारले तर त्याचे उत्तर हिशेबात आहे. एका मोठ्या लग्नाचे कच्चे शूटिंग 300 जीबी भरले, असे धरू. अपलोडचा वेग सेकंदाला 10 मेगाबिट मिळाला आणि तो एकदाही तुटला नाही, तरी एवढा डेटा चढवायला साधारण 67 तास लागतात, म्हणजे जवळजवळ तीन दिवस. तीच ड्राइव्ह मंठा-जालना मार्गाने संभाजीनगरला त्याच दिवशी पोहोचते. मोठ्या डेटाच्या बाबतीत गाडीची वाट आजही तारेच्या वाटेपेक्षा जवळची ठरते.

अडचण सुरू होते ती ड्राइव्ह पोहोचल्यावर. एका ठिकाणी ती उघडते, पण तिच्यावर काही लिहिता येत नाही. दुसरीकडे 50 जीबी जागा मोकळी दिसत असूनही 6 जीबीचा व्हिडिओ आत जात नाही. तिसरीकडे ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ असा संदेश येतो आणि समोरच्याच्या काळजाचा ठोका चुकतो. ड्राइव्ह खराब निघाली म्हणून दुकानदाराशी वाद होतात, नवी ड्राइव्ह घेतली जाते आणि तिच्याबाबतीतही तेच घडते. यातल्या बहुतेक वेळा ड्राइव्ह धडधाकट असते. तिच्यावरची फाइल सिस्टीम त्या यंत्राच्या ओळखीची नसते, एवढेच. ड्राइव्ह कुठून कुठे फिरणार आहे हे आधी ठरवून त्या वाटेवरच्या प्रत्येक यंत्राला वाचता येईल असा फॉरमॅट सुरुवातीलाच निवडला, तर हा सगळा मनस्ताप टळतो.

डिस्कचा सातबारा

फाइल सिस्टीम म्हणजे काय, हे गावाकडच्या माणसाला जमिनीच्या दप्तरावरून पटकन समजेल. डिस्क ही नुसती जमीन. तिच्यातला कुठला तुकडा कोणत्या फाइलच्या नावे आहे, ती फाइल किती मोठी, ती कधी तयार झाली, मोकळी जागा कुठे शिल्लक आहे, याचे दप्तर म्हणजे फाइल सिस्टीम. कॉम्प्युटर फाइल शोधताना सगळी जमीन पालथी घालत नाही; आधी दप्तर उघडतो. ड्राइव्ह ‘क्विक फॉरमॅट’ केली की दप्तर कोरे होते. जमिनीवरचे पीक मात्र लगेच नांगरले जात नाही. म्हणूनच चुकून फॉरमॅट झालेल्या हार्ड डिस्कवरचा डेटा पुष्कळदा परत मिळवता येतो. अट एकच, त्यानंतर तिच्यावर नवे काही लिहिलेले नसावे. एसएसडीच्या बाबतीत ही आशा फारच कमी, कारण तिथे मोकळी झालेली जागा आतल्या आत पुसून टाकण्याची सोय असते.

प्रत्येक कंपनीने हे दप्तर आपापल्या पद्धतीने लिहिले आणि घोळ तिथूनच सुरू झाला. मायक्रोसॉफ्टचे फॅट, फॅट-32, एनटीएफएस आणि एक्सफॅट, ॲपलचे एचएफएस प्लस आणि एपीएफएस, लिनक्सचे एक्स्ट-4. सर्वसामान्य वापरणाऱ्याचा संबंध येतो तो एवढ्यांशीच.

चार जीबीची वेस

यातले सर्वात जुने घराणे फॅटचे. 1977 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्ड यांनी बिल गेट्स यांच्याशी चर्चा करून त्याचा पहिला आराखडा लिहिला. तेव्हा साठवणीचे साधन होते फ्लॉपी. त्याच घराण्यातले फॅट-32 हे 1996 मध्ये विंडोज 95 च्या सुधारित आवृत्तीबरोबर आले आणि आज तीन दशके होत आली तरी जगातले जवळजवळ प्रत्येक यंत्र ते वाचू शकते. कारचा टेप, ट्रॅक्टरवर बसवलेली म्युझिक सिस्टीम, भजनी मंडळाचा ब्लूटूथ स्पीकर, जुना डीव्हीडी प्लेअर, फोटोकॉपीचे मशीन या सगळ्यांना पेन ड्राइव्ह लावताना फॅट-32 हीच खात्रीची निवड आहे. यातली बरीच स्वस्त यंत्रे दुसरे काही वाचतच नाहीत.

मग अडते कुठे? फॅट-32 मध्ये फाइलचा आकार लिहायला 32 बिटांचा रकाना आहे. त्यात मावणारा सर्वात मोठा आकडा 4,29,49,67,295. एका फाइलला तेवढेच बाइट मिळतात, म्हणजे 4 जीबीला एक बाइट कमी. ड्राइव्ह 64 जीबीची असो की 500 जीबीची, एकेक फाइल या वेशीच्या आतच राहिली पाहिजे. दोन तासांचा लग्नाचा चित्रपट सेकंदाला 20 मेगाबिट या मध्यम दर्जाने काढला तरी तो 18 जीबीचा होतो. अशी फाइल कॉपी करताना विंडोज ‘या फाइल सिस्टीमसाठी फाइल फार मोठी आहे’ असे सांगून थांबते, आणि मोकळी जागा समोर दिसत असल्यामुळे माणूस चक्रावून जातो.

कॅमेरे वापरणाऱ्यांना ही वेस जुन्या काळापासून ठाऊक आहे. 2008 मध्ये आलेल्या कॅननच्या 5डी मार्क टू या कॅमेऱ्याने फुल एचडी व्हिडिओ लोकांच्या आवाक्यात आणला, पण त्यात एक क्लिप साधारण 12 मिनिटांतच संपायची, कारण तोवर 4 जीबी भरलेले असायचे. मंगलाष्टके चालू असताना क्लिप तुटू नये म्हणून शूटिंग करणाऱ्याला घड्याळाकडे डोळे लावून बसावे लागे. आजच्या 4के कॅमेऱ्यात सेकंदाला 100 मेगाबिटने रेकॉर्डिंग चालले तर 4 जीबी पावणेसहा मिनिटांत भरतात. म्हणून फॅट-32 च्या कार्डावर कॅमेरा किंवा ड्रोन एकाच सलग शॉटच्या अनेक फाइली पाडतो. अशी कार्डे एडिटरकडे पाठवताना त्यातली एकही फाइल मागे राहू नये, नाहीतर फेऱ्यांच्या मधलीच मिनिटे गायब होतात.

आणखी एक गोष्ट. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत 32 जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हसाठी फॅट-32 चा पर्याय दिसत नाही. हा निर्बंध विंडोजने घातलेला आहे. फॅट-32 ला त्याहून मोठी ड्राइव्ह चालते. 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज 11 च्या चाचणी आवृत्तीत कमांड देऊन 2 टीबीपर्यंत फॅट-32 करण्याची मुभा दिली. पण पेन ड्राइव्ह केवळ गाण्यांसाठी हवी असेल, तर 32 जीबीपर्यंतचीच घेणे सर्वात सोपे.

घरचे फॉरमॅट

विंडोजचे स्वतःचे दप्तर म्हणजे एनटीएफएस. 1993 मध्ये विंडोज एनटी 3.1 बरोबर ते आले आणि 2001 च्या विंडोज एक्सपीनंतर घरोघरच्या कॉम्प्युटरमध्ये रुळले. त्याचा मोठा गुण असा की कोणताही बदल प्रत्यक्ष दप्तरात करण्याआधी त्याची नोंद वेगळ्या वहीत होते. तलाठ्याकडे आधी फेरफाराची नोंद पडते आणि मंजूर झाल्यावर सातबाऱ्यावर नाव चढते, तशीच ही रीत. मध्येच वीज गेली, केबल निघाली, तर पुढच्या वेळी वही पाहून दप्तर ताळ्यावर आणता येते. वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात हा गुण लाखमोलाचा आहे. तरीही एक समजून घ्यायला हवे. या नोंदीमुळे दप्तर वाचते. जी फाइल त्या क्षणी कॉपी होत होती तिचा मजकूर वाचेलच असे नाही.

एनटीएफएसची ड्राइव्ह मॅकला लावली तर फोटो दिसतात, व्हिडिओ चालतो, पण त्याच ड्राइव्हवर परत काही लिहिता येत नाही. मॅकमध्ये एनटीएफएस वाचण्याची सोय आहे, लिहिण्याची नाही. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे लागते. संभाजीनगरच्या एडिटरने तयार केलेला चित्रपट जिंतूरहून आलेल्या ड्राइव्हवर चढत नाही तो यामुळे. लिनक्समध्ये एनटीएफएसवर लिहिण्याची सोय बरीच वर्षे आहे आणि 2021 मध्ये आलेल्या लिनक्स 5.15 कर्नलपासून त्यासाठीचा नवा ड्रायव्हर थेट गाभ्यात आला.

ॲपलच्या बाजूला 1998 पासून एचएफएस प्लस होते आणि 2017 पासून एपीएफएस आले. मॅक-मॅकमध्ये वापरायच्या ड्राइव्हसाठी ते उत्तमच. विंडोजला मात्र दोन्ही अनोळखी. लिनक्सचे एक्स्ट-4 हे 2008 मध्ये स्थिर झाले आणि तेही विंडोजच्या आणि मॅकच्या ओळखीचे नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या जिंतूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या लिनक्सच्या लॅपटॉपवर ड्राइव्ह एक्स्ट-4 केली आणि प्रकल्पाच्या छपाईसाठी ती गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात आणली, तर दुकानातल्या विंडोजला त्या ड्राइव्हवर काही आहे हे कळणारच नाही.

इथेच तो घात करणारा संदेश येतो. अनोळखी दप्तर दिसले की विंडोज ड्राइव्ह फॉरमॅट करण्याची परवानगी मागते. विंडोजच्या लेखी ती कोरी ड्राइव्ह असते. मालकाच्या लेखी ते एका कुटुंबाचे संपूर्ण लग्न असते. अशा वेळी ‘कॅन्सल’ दाबावे, ड्राइव्ह नीट काढावी आणि ती जिथून आली तिथल्या कॉम्प्युटरला लावून पाहावी. थिएटरकडे जाणाऱ्या डिजिटल चित्रपटाच्या प्रती, ज्यांना डीसीपी म्हणतात, त्या ड्राइव्ह बहुधा लिनक्सच्या एक्स्ट-2 किंवा एक्स्ट-3 मध्ये असतात. सीसीटीव्हीच्या अनेक डीव्हीआरमधली डिस्कही विंडोजला कळत नाही अशा पद्धतीने लिहिलेली असते. पोलिसांना फुटेज द्यायचे म्हणून ती डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडणाऱ्याने ‘फॉरमॅट’ला होकार दिला, तर पुरावाच हातचा जातो. फुटेज डीव्हीआरमधूनच पेन ड्राइव्हवर उतरवून घेणे हा सुरक्षित मार्ग.

सगळ्यांच्या ओळखीचा एक्सफॅट

चार जीबीची वेस नको आणि विंडोज-मॅक अशी सरहद्दही नको, या गरजेला उत्तर म्हणून एक्सफॅट उभे आहे. मायक्रोसॉफ्टने ते 2006 मध्ये छोट्या उपकरणांसाठीच्या विंडोज सीई 6.0 मध्ये आणले. 2008 मध्ये विंडोज व्हिस्टाच्या पहिल्या सर्व्हिस पॅकमधून ते डेस्कटॉपवर पोहोचले. जानेवारी 2009 मध्ये 32 जीबीच्या पुढच्या एसडी कार्डांसाठी एसडीएक्ससी हे मानक जाहीर झाले आणि त्यात एक्सफॅट ठरवूनच दिले गेले. आज कॅमेऱ्यात टाकायला आणलेले 64 किंवा 128 जीबीचे कार्ड कंपनीकडूनच एक्सफॅटमध्ये येते ते त्यामुळे. नोव्हेंबर 2010 मध्ये मॅकच्या 10.6.5 या आवृत्तीने एक्सफॅट वाचायला आणि लिहायला सुरुवात केली.

लिनक्सचा मात्र बराच काळ खोळंबा झाला. एक्सफॅटवर मायक्रोसॉफ्टचे पेटंट होते आणि पेटंटचा धाक खोटा नव्हता. फेब्रुवारी 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टने नकाशादर्शक यंत्रे बनवणाऱ्या टॉमटॉम या डच कंपनीवर खटला भरला, त्यात फॅटमधल्या लांब नावांच्या पद्धतीचे पेटंट हाही मुद्दा होता. महिनाभरात तडजोड झाली. अखेर ऑगस्ट 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचा तपशील खुला केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या लिनक्स 5.4 मध्ये त्याला जागा मिळाली. 2020 च्या 5.7 कर्नलमध्ये सॅमसंगने लिहिलेला अधिक सक्षम ड्रायव्हर आला. आयफोनला 2019 च्या आयओएस 13 पासून बाहेरची ड्राइव्ह थेट जोडता येते आणि तिथेही एक्सफॅट चालते.

म्हणून जिंतूरचा स्टुडिओ, संभाजीनगरचा मॅक आणि परभणीचा लिनक्सचा लॅपटॉप यांच्यात फिरणाऱ्या ड्राइव्हसाठी आजच्या घडीला एक्सफॅट हीच योग्य निवड आहे. ती केल्यावर तिच्या दोन उणिवाही पदरात घ्याव्या लागतात.

पहिली उणीव मोठी. एक्सफॅटमध्ये फेरफाराची वही नाही. कॉपी चालू असताना केबल ओढली, वीज गेली किंवा लॅपटॉपची बॅटरी संपली, तर दप्तरच विस्कटू शकते आणि मग एक फाइलच काय, आख्खे फोल्डर दिसेनासे होऊ शकते. काम झाल्यावर विंडोजमध्ये ‘इजेक्ट’ किंवा ‘सेफली रिमूव्ह’, मॅकमध्ये ‘इजेक्ट’ आणि लिनक्समध्ये ‘अनमाउंट’ केल्याशिवाय केबलला हात लावू नये. डेस्कटॉपवरून मोठी कॉपी करायची असेल तर यूपीएस हवा. आणि कच्च्या शूटिंगची एकमेव प्रत एक्सफॅटच्या फिरत्या ड्राइव्हवर कधीच नसावी. मूळ प्रत स्टुडिओत एनटीएफएसच्या डिस्कवर राहावी, प्रवासाला जावी ती तिची नक्कल. कॅमेऱ्याचे कार्ड तर दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय पुसूच नये. लग्न पुन्हा लागत नाही.

दुसरी उणीव जागेची. फाइल सिस्टीम जागेचे सारखे तुकडे पाडते आणि फाइल लहान असली तरी तिला निदान एक तुकडा द्यावाच लागतो. विंडोजमध्ये 32 जीबीपेक्षा मोठी ड्राइव्ह एक्सफॅट केली की हा तुकडा आपोआप 128 केबीचा धरला जातो. एनटीएफएसमध्ये तो सहसा 4 केबीचा असतो. एखाद्या सेवा केंद्राकडे 5 केबीच्या दहा हजार छोट्या फाइली असतील, तर एनटीएफएसवर त्यांना साधारण 80 एमबी लागतील आणि एक्सफॅटवर जवळजवळ 1.3 जीबी. व्हिडिओवाल्याला हा फरक जाणवणारही नाही. बारीक फाइलींचा ढीग एक्सफॅटवर न्यायचा असेल, तर त्याची एक झिप फाइल करून न्यावी. कॉपीही लवकर होते.

मराठी नावांची काळजी

फाइलला मराठी नाव देणे आज सगळ्याच फॉरमॅटमध्ये जमते. तरी दोन-तीन जागी जपावे लागते. विंडोज आणि एक्सफॅट यांना नावात तिरपी रेघ, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारांकन, दुहेरी अवतरण चालत नाही. ‘हळद: सकाळ 10:30’ हे नाव लिनक्सवर बिनदिक्कत देता येते आणि एक्सफॅटच्या ड्राइव्हवर टाकताना तीच फाइल अडून बसते. ‘हळद सकाळ 10-30’ असे लिहिले की प्रश्न मिटतो.

नावाच्या लांबीचेही तसेच. एनटीएफएस आणि एक्सफॅट 255 वर्णांपर्यंतचे नाव घेतात. लिनक्सचे एक्स्ट-4 मात्र 255 बाइट मोजते आणि देवनागरीतला प्रत्येक वर्ण, प्रत्येक मात्रा, प्रत्येक अनुस्वार तिथे तीन बाइट घेतो. ‘जिंतूर’ या एका शब्दाचेच 18 बाइट होतात. म्हणजे मराठी नावाला जेमतेम 85 चिन्हांची मुभा. वधू-वरांची पूर्ण नावे, ‘चि. सौ. कां.’, मंगल कार्यालय आणि तारीख असे सगळे एकाच नावात कोंबले, तर विंडोजवर चाललेली फाइल लिनक्सवर कॉपी होत नाही.

‘नवऱ्याकडचे फोटो’ या नावातला ‘ऱ’ आणखी निराळा. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध ‘ऱ’ म्हणून किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता अशी जोडी म्हणून. ॲपलचे जुने एचएफएस प्लस नावातल्या अशा अक्षराची फोड करून जोडीच साठवते. त्या मॅकवरून झिप करून किंवा नेटवर्कवरून लिनक्सकडे गेलेली फाइल डोळ्यांना तशीच दिसते, पण कॉम्प्युटरला ते वेगळेच नाव वाटते. बॅकअप घेताना एकाच फोल्डरच्या दोन प्रती तयार होतात त्या कधीकधी यामुळे. कामाच्या फोल्डरांना छोटी, साधी नावे आणि मागे तारीख ही पद्धत त्यासाठीच बरी.

ड्राइव्ह उघडली, फाइलही उघडली आणि लग्नपत्रिकेवर भलतीच अक्षरे उमटली, तर मात्र दोष फॉरमॅटचा नसतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा तसे दुसरे जुने फॉन्ट वापरून केलेले काम त्याच फॉन्टशिवाय वाचता येत नाही. पत्रिका, फ्लेक्स आणि अल्बमची पाने दुसऱ्या गावी पाठवताना सोबत पीडीएफ ठेवली की ही अडचण राहत नाही.

मॅकवर जाऊन आलेल्या एक्सफॅट किंवा फॅट-32 ड्राइव्हवर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या, खऱ्या फोटोचेच नाव असलेल्या 4 केबीच्या जोडफाइली दिसतात. तो व्हायरस नाही. मॅक आपली जास्तीची माहिती अशा फाइलींत ठेवतो. अल्बमवाल्याच्या विंडोजवर त्या ‘न उघडणारे फोटो’ म्हणून समोर येतात आणि कारचा टेप त्यांना गाणी समजून अडखळतो. विंडोजवर त्या खुशाल पुसून टाकाव्यात.

प्रत्यक्ष करताना

फॉरमॅट बदलणे म्हणजे ड्राइव्ह रिकामी करणे. एनटीएफएसचे एक्सफॅट आतला डेटा जागेवर ठेवून करता येत नाही. त्यामुळे आधी सगळा डेटा दुसरीकडे उतरवून, त्यातल्या चार-दोन फाइली उघडून पाहूनच पुढे जावे. कॉम्प्युटरला त्या वेळी एकच बाहेरची ड्राइव्ह जोडलेली असावी. नाव आणि आकार दोन्ही ताडून पाहावेत, म्हणजे भलत्याच ड्राइव्हवर हात पडत नाही. 1 टीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये 931 जीबी दिसते. मोजण्याच्या दोन पद्धतींतला तो फरक आहे, त्यात काही हरवलेले नसते.

विंडोजमध्ये ‘धिस पीसी’ उघडून ड्राइव्हवर राइट क्लिक करावे, ‘फॉरमॅट’ घ्यावे, फाइल सिस्टीमच्या रकान्यात एक्सफॅट निवडावे आणि ड्राइव्हला ओळखू येईल असे नाव द्यावे. मॅकमध्ये ‘डिस्क युटिलिटी’त आधी सगळी उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडून मग ‘इरेज’ करावे. तिथे ‘स्कीम’ असा आणखी एक रकाना येतो. नेहमीच्या कॉम्प्युटरांसाठी जीयूआयडी ठीक. ड्राइव्ह जुन्या टीव्हीला लावायची असेल आणि ती 2 टीबीपर्यंतची असेल, तर मास्टर बूट रेकॉर्ड निवडणे सोयीचे. लिनक्समध्ये ‘डिस्क्स’ हे ॲप किंवा एक्सफॅटप्रॉग्ज हे पॅकेज हेच काम करते.

यजमानांना द्यायच्या पेन ड्राइव्हचा विचार वेगळा करावा, कारण घरोघरचे टीव्ही सारखे नसतात. नवा टीव्ही बहुधा एक्सफॅट किंवा एनटीएफएस वाचतो, जुन्याला फॅट-32 च लागते. टीव्ही कोणता, हे विचारून घ्यावे. माहिती मिळाली नाही, तर चित्रपटाचे हळद, लग्न, वरात असे 4 जीबीच्या आतले भाग करून ते फॅट-32 वर द्यावेत. पूर्ण दर्जाची सलग फाइल एक्सफॅटच्या वेगळ्या पेन ड्राइव्हवर द्यावी.

तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतात आणि मग कुणालाच सवड उरत नाही. त्याआधीच्या मोकळ्या दिवसांत नवी ड्राइव्ह एक्सफॅट करून, तिच्यावर 5 जीबीची एक फाइल टाकून ती स्टुडिओतल्या विंडोजवर, एडिटरच्या मॅकवर आणि एखाद्या टीव्हीवर लावून पाहावी. मॅकवरून एक फाइल परत तिच्यावर लिहून घ्यावी. हे सगळे जमले की ड्राइव्हवर चिठ्ठी चिकटवावी: फॉरमॅट कोणता, कधी केला, मूळ प्रत कुठल्या डिस्कवर आहे आणि ‘फॉरमॅट करू नये, आधी फोन करावा’ ही सूचना, खाली स्टुडिओचा नंबर.